निवृत्त पोलिसाचं दफ्तर रद्दीत घालू नका

प्रति,
राज्याचा गृह विभाग आणि महाराष्ट्र पोलीस दलाचे वरिष्ठ अधिकारी यांस

सादर नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका पोलीस दूरक्षेत्राची, म्हणजे ठाण्याच्या हाताखालच्या चौकीची, जुनी दगडी इमारत पाडली जात आहे. तिच्या जागी नवी येईल. नव्या इमारतीला माझा विरोध नाही, ती खरं तर फार आधी व्हायला हवी होती. जुनीचं छप्पर गळत होतं, तक्रार घेऊन आलेल्या बाईला बसायला आडोसा नव्हता आणि रात्रपाळीच्या महिला शिपायांना स्वच्छतागृहासाठी शेजारचं दार ठोठवावं लागे. मला बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. पाडकाम सुरू होण्याआधी माळ्यावरचं सगळं जुनं दफ्तर पोत्यांत भरून रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढवलं गेलं. कोणते कागद, कोणत्या सालचे, याची यादी आम्ही मागितली तेव्हा अशी यादी झालीच नसल्याचं कळलं. तिथे नेमणुकीला असलेल्या अंमलदारांची नावं आणि तारखा रंगवलेला एक लाकडी फलक भिंतीवर होता. तोही राडारोड्यात गेला. त्या फलकावर माझ्या आजोबांचं नाव होतं. ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

दूरक्षेत्राचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे आज काम करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. जागा रिकामी करा म्हणून वरून सांगितलं गेलं, त्यांनी केली. दफ्तर हलवायला दुसरी खोली त्यांना कोणी दिली नव्हती, आणि ते चाळून बघायला माणूसही दिला नव्हता. हे एका ठाण्यात घडलं म्हणून मी लिहीत नाही. उद्या दुसऱ्या तालुक्यात जुनी इमारत पडेल तेव्हाही हेच घडू शकतं, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो. १९३२ साली खटाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात त्यांचा जन्म झाला. १९५३ साली ते पोलीस शिपाई झाले, १९९० साली फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि २०२४ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी गेले. सदतीस वर्षं नोकरी, चौतीस वर्षं निवृत्ती. फौजदारकी अगदी शेवटी मिळाल्यामुळे गाव त्यांना शेवटपर्यंत जमादारच म्हणत राहिलं, आणि त्यांनाही तेच आवडायचं.

ते पोलिसांत गेले तेव्हा घरात कोणाला आनंद झाला नव्हता, असं आज्जी सांगायची. आमच्या भागात त्याला कारण होतं. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि आसपासच्या गावांतली माणसं मारली गेली. पुढची काही वर्षं या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा शब्द चालत होता. पोलीस गावात शिरला की दारं लागायची. तात्या तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते, त्यांनीही दारामागून बघितलं होतं. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर सहाच वर्षांनी मुलगा खाकी घालून दारात आला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी कित्येक महिने अबोला धरला. तात्यांनी वाद घातला नाही. पगारातले पैसे पाठवत राहिले आणि वडिलांचं मन वळायची वाट बघत राहिले.

तेव्हा आजच्या सातारा जिल्ह्याचं नाव उत्तर सातारा होतं. अर्धी चड्डी, पायाला पट्ट्या, हातात लाठी आणि कमरेला बक्कल नंबर. बीटातली गावं पायी किंवा सायकलने करायची. मुक्काम चावडीत, जेवण पोलीस पाटलाकडे. लग्न झाल्यावर आज्जी पोलीस लाईनीत राहायला आली. दीड खोली, सामायिक नळ, सामायिक संडास, आणि काही वर्षं झाली की बदली. माझ्या वडिलांची शाळा त्या बदल्यांबरोबर फिरली. सण आला की बंदोबस्त आला, निवडणूक आली की बंदोबस्त आला. धाकट्या आत्याच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा तात्या दुसऱ्या तालुक्यात मतपेट्यांच्या पहाऱ्यावर होते. आत्याला ते लागलं, ती आजही तो विषय निघाला की गप्प होते.

ते रोज रात्री लिहायचे. ठाण्याच्या दप्तरात लिहायचं ते तिथे, आणि घरी स्वतःच्या वहीत पाच-सहा ओळी. सुरुवातीच्या वह्यांत शाळेत शिकलेली मोडी मधूनच डोकावते, पुढे सगळं बाळबोध. त्यांच्यामागे या वह्या आम्ही वाचायला घेतल्या तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की माझ्या आजोबांनी या राज्याचा किती मोठा भाग रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितला होता.

३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनं ठरवली होती. पसरणी घाटात तात्या बंदोबस्ताला होते. समोर काळी निशाणं घेतलेली माणसं, आणि त्यांच्यात तात्यांचे सख्खे मामा. वहीत त्या दिवसाची नोंद नेहमीपेक्षा मोठी आहे. गर्दी किती, वाहनं कुठे थांबली, पाणी कुठे मिळालं, हे सगळं आहे. एकही दगड आला नाही, हे त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं आहे. मामांचा उल्लेख एकदाच आहे: ते दिसले, त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. मराठी राज्य आपल्यालाही हवंच होतं असं तात्या पुढे घरी मोकळेपणाने म्हणायचे. त्या दिवशी मात्र ते लाठी धरून उभे होते.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला. तात्यांची नेमणूक पाटण तालुक्यात होती. कोयनानगरला पोचलेल्या पहिल्या काही पोलिसांत ते होते. पावणेदोनशेवर माणसं त्या भूकंपात गेली आणि हजारोंचं घर गेलं. तात्यांच्या वहीत त्या आठवड्यात वाक्यं नाहीत, फक्त याद्या आहेत. मयताचं नाव, गाव, अंदाजे वय, ओळख पटवणाऱ्याचं नाव. त्यानंतर ढिगाऱ्यातून निघालेल्या दागिन्यांची यादी: मणी, पुतळ्या, चांदीचे वाळे, आणि प्रत्येकापुढे कोणाच्या ताब्यात दिलं त्याचं नाव आणि अंगठा किंवा सही कोणासमोर झाली ते. काही ओळींपुढे ताब्यात घेणारं कोणी नाही असं लिहिलं आहे. पंचनाम्याचे मूळ कागद अर्थातच ठाण्यात गेले. आमच्याकडे आहे ती त्यांनी स्वतःसाठी केलेली नक्कल.

१९७२ च्या दुष्काळात ते माणदेशात होते. खडी फोडायच्या कामांवर, धान्याच्या गाड्यांवर, सुकडी वाटपाच्या रांगांवर. त्या वह्यांत चोरीच्या नोंदी आहेत, आणि चोरी कशाची झाली हे वाचवत नाही. अर्धं पोतं मिलो ज्वारी. एक घागर पाणी.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहायलाच हवं, कारण ती सोडली तर हे पत्र फक्त आजोबांचं कौतुक होईल. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून रद्द झाला, मुंबई प्रांतात तर त्याआधीच झाला होता. तात्या १९५३ ला भरती झाले. तरी गावात घरफोडी झाली की पहिली चौकशी फासेपारध्यांच्या पालावर आणि रामोशांच्या आळीत होत असे, आणि ती कशी होत असे हे त्यांच्या वहीत आहे. एका पारधी माणसाला रात्रभर बसवून ठेवलं, दोन दिवसांनी खरा चोर गावच्याच बड्या घरातला निघाला, आणि त्या माणसाकडे कोणी दिलगिरीचा शब्दही बोललं नाही, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. स्वतःचं नाव त्यातून वगळलेलं नाही. मी ते पान इथे सांगते आहे, कारण ठाण्याचं दफ्तर फक्त पोलिसांचं नसतं. त्या माणसाच्या नातवंडांचंही ते असतं. कायदा गेल्यावरही आपल्या आजोबांना किती वेळा उचललं, कशासाठी उचललं, हे त्यांना कधी शोधावंसं वाटलं तर ते याच कागदांत सापडलं असतं.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार दफ्तराची. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदा याच राज्याने केला आहे. सरकारी कागद वाटेल तेव्हा, वाटेल तसे टाकता येत नाहीत. त्यांची तपासणी व्हायला हवी, वर्गवारी व्हायला हवी, काय नष्ट केलं याची नोंद राहायला हवी. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब वर्गाचे तीस वर्षं, हे कुठल्याही कचेरीतल्या लिपिकाला पाठ असतं. मग दूरक्षेत्राच्या माळ्यावरच्या पोत्यांना हे नियम का लागले नाहीत? मोठ्या कार्यालयांत अभिलेख कक्ष असतो, तिथे कोणी तरी जबाबदार असतो. खालच्या ठाण्यात ही जबाबदारी मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारावर येऊन पडते, आणि त्याला मुद्देमालच पुरे झालेला असतो.

ठाणे दैनंदिनी, गावभेटीच्या वह्या, गावगुन्ह्यांच्या नोंदी, अकस्मात मयताचे कागद, हे वरवर कंटाळवाणं लिखाण आहे. पण गावात त्या दिवशी काय घडलं याचा तारीखवार लेखी पुरावा खेड्यापाड्यात दुसरा कुठे असतो? विहिरीत पडलेल्या सुनांची नावं तिथे आहेत. दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांची, पाणवठ्यावरच्या मारामाऱ्यांची, कोणाला कोणत्या वाटेने जाऊ दिलं नाही याची नोंद तिथे आहे. स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधनं मुंबई सरकारने १९५० च्या दशकात छापली, ती सरकारी आणि पोलिसांच्या जुन्या कागदांवरूनच. प्रतिसरकारवर लिहिणाऱ्यांनाही पोलीस आणि कोर्टाचे कागद चाळावे लागतात. ते कागद इंग्रजांनी ठेवले म्हणून राहिले. आपल्या स्वतःच्या राज्यातले पहिल्या तीस-चाळीस वर्षांचे कागद आपण वजनावर विकतो आहोत. सीसीटीएनएस ही पोलिसांची संगणक प्रणाली आल्यानंतरच्या फिर्यादी संगणकावर आहेत. त्याआधीचं जे काही आहे ते कागदावरच आहे, आणि ते एकदा गेलं की गेलं.

दुसरी तक्रार सेवापुस्तकाची. तात्या गेल्यावर आम्ही त्यांच्या सेवापटाची प्रत मागितली. पैशासाठी नाही, आज्जी त्यांच्याआधीच गेली होती आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाचा प्रश्नच नव्हता. त्यांना मिळालेली बक्षिसं, झालेल्या शिक्षा, बदल्यांची गावं, एवढं आम्हाला हवं होतं. त्यांना शिक्षाही झाली होती, त्यांनीच सांगितलं होतं, आणि ती का झाली हे आम्हाला त्यांच्या साहेबांच्या शब्दांत वाचायचं होतं. माहिती अधिकारात अर्ज केला. अभिलेख उपलब्ध नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं. नष्ट केला असेल तर कधी, कोणाच्या आदेशाने, हे नाही. हरवला असेल तर तसंही लिहिलेलं नाही. सदतीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब तीन शब्दांत मिटवला गेला, आणि खाली सही करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी तक्रार लिहिताना हात अडखळतो. दर नोव्हेंबरला तात्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचे. इस्त्रीचा शर्ट, जुने पण पॉलिश केलेले बूट. शेवटच्या वर्षांत चालवत नव्हतं तरी रिक्षाने न्यायला लावायचे, घरी माणूस बोलवू म्हटलं तर ऐकायचे नाहीत. आपण हयात आहोत हे सरकारला सांगणं हे त्यांना कर्तव्य वाटायचं. आणि ते गेले तेव्हा आम्ही जवळच्या ठाण्यात कळवलं, तर ऐकून घेतलं गेलं आणि फोन ठेवला गेला. अंत्यविधीला खात्याचं कोणी आलं नाही. मानवंदना, बिगुल, असलं आम्ही काहीच मागितलं नव्हतं, आजही मागत नाही. गणवेशातला एक शिपाई येऊन पाच मिनिटं उभा राहिला असता तरी आम्हाला पुरलं असतं. आले ते त्यांच्या बरोबरीचे तीन म्हातारे. एकाला दोघांनी धरून आणलं होतं. त्यांनी चितेसमोर सॅल्यूट केला. त्यांना कळलं कसं, तर एकमेकांना फोन करून. खात्याकडे निवृत्तांची यादी असते ती पेन्शनच्या कामासाठी. कोण कुठे आहे, कोण आजारी आहे, कोण गेलं, हे फक्त या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला तुम्ही पोलीस स्मृतिदिन पाळता. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याशी लढताना दहा पोलीस जवान धारातीर्थी पडले, त्यांच्या आठवणीने. तो पाळलाच पाहिजे. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे आमच्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबरच्या रात्री त्यांनी जे केलं ते सांगताना तात्यांचा आवाज बदलायचा. कर्तव्य बजावताना गेलेल्यांचा मान सगळ्यात वरचा आहे, त्याच्याशी कोणाची बरोबरी मी करत नाही. पण जो सदतीस वर्षं रोज रात्री जिवंत घरी परतला, ज्याच्या हातून कोणाचा नाहक जीव गेला नाही, त्याच्यासाठी वर्षातला एक दिवस, एक पान, एक फलक काहीच नसावा? असे पोलीस हजारोंनी आहेत. दल चालतं ते त्यांच्यावर.

शेवटची तक्रार अनुभवाच्या नासाडीची आहे, आणि ती मला भावनेपेक्षा जास्त गंभीर वाटते. तात्यांनी मांढरदेवीच्या काळूबाई यात्रेचा बंदोबस्त अनेक वर्षं केला होता. पौष पौर्णिमेला तो डोंगर माणसांनी भरून जातो. वहीत त्यांनी आराखडे काढलेले आहेत: चढायची वाट आणि उतरायची वाट वेगळी ठेवा, नारळ पायऱ्यांवर फोडू देऊ नका कारण पाणी सांडून पाय घसरतात, दुकानांच्या कनाती मागे सरकवा. २५ जानेवारी २००५ ला तिथे चेंगराचेंगरी आणि आग होऊन अडीचशेहून अधिक भाविक गेले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दाटीवाटीची दुकानं, हे सगळं नंतर सगळ्यांनी बोलून दाखवलं. सरकारने न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला. तात्या तेव्हा त्र्याहत्तरचे होते. ते दोन दिवस जेवले नाहीत. मग वहीतली पानं उतरवून त्यांनी एका कार्यालयाला पाठवली. पोच आली. पुढे कोणी फोन केला नाही, बोलावलं नाही. त्यांचं ऐकलं असतं तर माणसं वाचली असती, असा दावा मी करत नाही, कारण त्यांनी पाठवलं ते दुर्घटनेनंतर. माझं म्हणणं एवढंच, की एखाद्या यात्रेचा बंदोबस्त ज्याने वर्षानुवर्षं पायऱ्यांवर उभं राहून केला, त्याला निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल देण्याआधी कोणी विचारायला हवं होतं: तुम्हाला काय दिसलं, पुढच्या माणसाला काय सांगाल? असं विचारणारी पद्धतच नाही.

खालच्या माणसाला बरंच कळतं, हे तुमच्याच दलात सिद्ध झालेलं आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचं आंदोलन झालं तेव्हाही ड्युटीचे तास हा बोचरा विषय होता. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला तो २०१६ साली, आणि त्यामागे एका शिपायाने मांडलेली योजना होती. तात्या तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. पेपरातली ती बातमी त्यांनी कापून वहीत चिकटवली.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींना पैशापेक्षा लेखी आदेशाची जास्त गरज आहे.

कोणतंही पोलीस ठाणं, दूरक्षेत्र किंवा पोलीस वसाहत पाडण्याआधी तिथल्या दफ्तराची यादी करणं सक्तीचं करा. ती यादी पुराभिलेख संचालनालयाला दाखवल्याशिवाय एकही पोतं बाहेर जाऊ नये. ज्या पुराभिलेखागारांनी पेशवे दफ्तर सांभाळलं, त्यांना १९६० चं ठाणं परकं वाटायचं कारण नाही. फिर्यादी महिलांची, बालकांची नावं झाकून पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदी अभ्यासकांना आणि संबंधित कुटुंबांना बघता याव्यात. पाडकामं चालू आहेत, तेव्हा यादीचा आदेश आधी निघू द्या, बाकीचं सावकाश ठरवा.

निवृत्त होणाऱ्या प्रत्येक पोलिसाला, शिपाई असो की अधीक्षक, त्याच्या सेवापटाची पूर्ण प्रत निवृत्तीच्या दिवशीच द्या. जे आधीच निवृत्त झाले आहेत त्यांना किंवा त्यांच्या वारसांना मागितल्यावर द्या, आणि कागद नसेल तर तो कधी व कसा गेला हे लिहून द्या.

निवृत्त पोलीस गेल्याची खबर मिळाली की जवळच्या ठाण्यातून गणवेशातला एक माणूस त्या घरी जाईल, आणि अधीक्षकांच्या सहीचं सांत्वनाचं पत्र घेऊन जाईल, एवढी पद्धत राज्यभर घालून द्या. ज्या जिल्ह्यात आधीच असं होत असेल तिथल्या अधिकाऱ्यांचे मी आभार मानते, आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून ती उचलावी.

दरवर्षी २ जानेवारीपासून तुम्ही रेझिंग डे सप्ताह साजरा करता. १९६१ साली त्या दिवशी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला. त्या सप्ताहात शाळेतल्या मुलांना शस्त्रं दाखवता, ठाणं दाखवता. त्याच सप्ताहात प्रत्येक तालुक्यात पंच्याहत्तरीच्या पुढच्या निवृत्त पोलिसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा. जवळच्या महाविद्यालयातली इतिहासाची मुलं हे काम आनंदाने करतील. १९६७ चा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ बंदोबस्तावर उभं राहून बघितलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे आहेत. यात्रांच्या आणि मोठ्या मिरवणुकांच्या बंदोबस्ताची बैठक होते तेव्हा, तो बंदोबस्त पूर्वी केलेल्या निवृत्त अंमलदारांना बोलवा. चहा आणि गाडीभाडं एवढाच त्याचा खर्च.

आणि त्या दूरक्षेत्राच्या नव्या इमारतीत नावांचा फलक पुन्हा लावा. तात्यांचं एकट्याचं नाव लावा असं मी म्हणत नाही. फलकाचा एक जुना फोटो आमच्याकडे आहे, तात्यांच्या निरोप समारंभातला. त्यावर वरच्या दोन-तीन ओळी सोडल्या तर सगळी नावं वाचता येतात. रंगाऱ्याचा खर्च आम्ही देऊ.

तात्यांच्या वह्या नीट आहेत. काही पानांना कसर लागली आहे, पण अक्षर शाबूत आहे. त्यांतल्या खासगी व्यक्तींच्या नावांची काळजी घेतली जाणार असेल तर मूळ वह्या पुराभिलेखागाराकडे सोपवायला माझे वडील आणि दोन्ही आत्या तयार आहेत, पारध्याच्या चौकशीचं ते पान फाडल्याशिवाय. त्या कोणाकडे द्यायच्या, पोच कोण देईल आणि त्या कुठे ठेवल्या जातील, एवढं लेखी कळवा. आम्ही स्वतः आणून देऊ.

आपली,
एका निवृत्त फौजदाराची नात,
पुणे